मैलांची पुंजी

१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांचे मैल मोजून बक्षिसं द्यायला सुरुवात केली. युनायटेडने काही दिवसांतच तोच कित्ता गिरवला.

१९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरने पुडिंगचे १२ हजारांवर डबे विकत घेतले आणि लेबलांच्या बदल्यात मैल देणाऱ्या उत्पादकाच्या ऑफरमधून साडेबारा लाख मैल कमावले. खर्च जेमतेम ३,१४० डॉलर! पुडिंग बहुतेक दानातच गेलं.

तो सुकाळ सरला.

२०१५ पासून डेल्टाने अंतराऐवजी तिकिटाच्या किमतीवर मैल दिले. बक्षीस-तिकिटांचं दरपत्रकही गुंडाळलं. कंपनीनेच छापलेलं हे चलन. भावही तीच पाडणार. साठवणाऱ्याचं नुकसान ठरलेलंच. कंपन्यांना मात्र ते सोनं: २०२० मध्ये युनायटेडने आपली मैलांची योजनाच तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उचललं.

मुंबईची जेट एअरवेज २०१९ मध्ये जमिनीवर आली, तिचे मैल मात्र ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने चालत राहिले.