मणी तिकडे, चुडा इकडे

नैरोबीतल्या मसाई बाजाराला एकच अशी ठरलेली जागा नाही. वार बघून तो आपला मुक्काम हलवतो. शनिवारी शहराच्या मधोमध, न्यायालयाजवळच्या मोकळ्या वाहनतळावर. इतर दिवशी आणखी कुठे. वर छप्पर नाही, खाली फळ्या नाहीत. जमिनीवर चादर पसरायची आणि तिच्यावर माल मांडायचा. मण्यांचे गळपट्टे, लाकडी जिराफ, दगडी वाट्या, विणलेल्या पिशव्या. नाव मसाईंचं असलं, तरी विकणाऱ्यांत मसाई थोडेच. किकुयू, कांबा, किसी अशा कितीतरी समाजांची माणसं तिथे बसलेली असतात.

भाचीचा संसार तिकडे आहे, म्हणून मला हा बाजार पाहायला मिळाला. तिने घरून निघतानाच बजावलं, "मावशी, सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरू करायचं हं!" आता घासाघीस करण्यात आपण बायका कुणाला हार जाणाऱ्या नाही. पण मला खोड अशी, की वस्तूचा भाव विचारण्याआधी तिचं कूळ विचारायचं. इतिहास घेऊन बी.ए. केलं, त्याचा एवढाच उपयोग उरलाय म्हणा.

माझी पहिली नजर गेली ती किओंडोवर. ही गोल बुडाची विणलेली पिशवी मूळची कांबा आणि किकुयू बायकांची. तिचा पट्टा कपाळाला अडकवायचा आणि ओझं पाठीवर घ्यायचं, अशी जुनी पद्धत. पूर्वी तिचा दोर रानातल्या झुडपांच्या किंवा गोरखचिंचेच्या सालीपासून वळत. आता तो सिसलचा असतो. सिसल म्हणजे आपल्या घायपाताचा भाऊबंद, मूळचा मेक्सिकोचा. १८९३ मध्ये रिचर्ड हिंडॉर्फ नावाच्या जर्मन माणसाने त्याची रोपं फ्लोरिडाहून आजच्या टांझानियात मागवली. हजार निघाली, त्यातली बासष्ट जगली, आणि त्या बासष्टांतून पुढे मळेच्या मळे उभे राहिले. म्हणजे ज्या पिशवीला आपण 'अस्सल आफ्रिकन' म्हणून हात लावतो, तिचा धागा त्या भूमीत जेमतेम सव्वाशे वर्षांचा पाहुणा! विणकाम मात्र फार जुनं, आणि ते आईकडून लेकीकडे आलेलं.

विकणारी बाई बसल्या बसल्या मांडीवर धागा वळत होती. आपण देवाच्या वाती वळतो ना, अगदी तस्सं. तळहाताने एकदा पुढे, एकदा मागे, नजर गिऱ्हाइकाकडे. भाचीकरवी विचारलं, एका पिशवीला किती दिवस लागतात? घरचं सगळं आवरून केली तर दोन-तीन आठवडे, ती म्हणाली. त्यानंतर निम्मा भाव सांगायला माझी जीभ रेटेना. 'थोडं कमी कर' म्हटलं, तिने थोडं कमी केलं. कातड्याचा पट्टा नको म्हटल्यावर तिने काही न विचारता दोऱ्याच्याच पट्ट्याची काढून दिली. १९८०च्या दशकात या पिशवीला परदेशातून मोठी मागणी आली, आणि तिच्या मागोमाग आशियातल्या कारखान्यांतून यंत्रावर केलेल्या नकलाही आल्या. मांडीवर धागा वळणारीला यंत्राच्या भावाशी झुंजावं लागतं, हे आपल्या विणकरांच्या घरी वेगळं सांगायला नको.

लाकडी प्राण्यांचं कूळही असंच अलीकडचं निघालं. कांबा लोक कोरीव कामाबद्दल आज प्रसिद्ध आहेत. पण विक्रीसाठी कोरण्याचा धंदा त्यांच्यात आला तो पहिल्या महायुद्धानंतर. वामुन्यू गावचा मुतिस्या मुंगे युद्धाच्या निमित्ताने टांगानिकात गेला, तिथल्या कारागिरांकडून हात शिकून परत आला आणि गावात ही कला रुजली. पुढे पर्यटक वाढले, तशी रानातली काळी, कठीण लाकडं संपत चालली. मग कोरणारे वळले आंब्याकडे, जॅकरंडाकडे आणि चक्क कडुनिंबाकडे! स्वाहिलीत कडुनिंबाला 'म्वारोबैनी' म्हणतात. 'अरोबैनी' म्हणजे चाळीस. हे झाड चाळीस दुखणी बरी करतं, असं लोक मानतात. भारतातलं हे झाड तिकडे अंगणातलं होऊन बसलंय.

किसी भागातल्या ताबाका इथल्या मऊ दगडाच्या वाट्यांबद्दल एकच सांगते. दगड कोरतात ते बहुतेक पुरुष, आणि पाण्यात बुडवून घासून घासून गुळगुळीत करतात त्या बायका. वाटी हातात घेतल्यावर आपण 'किती गुळगुळीत' म्हणतो, ते कौतुक खरं तर कुणाचं, बघा.

आता मणी. मसाई बायका जे रंगीत गळपट्टे ओवतात, त्यांचे काचेचे मणी एकोणिसाव्या शतकात व्हेनिस आणि बोहेमियाहून व्यापाऱ्यांनी आणले. त्याआधी बिया, शिंपले, लोखंडाची आणि तांब्याची तार. काच परदेशी, पण कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग, हे त्या बायकांनी ठरवलं. लाल शौर्याचा, पांढरा दुधाचा.

पण व्हेनिसच्याही कितीतरी आधी त्या किनाऱ्यावर मणी जात होते ते आमच्या बाजूने. बडोद्याहून खंबायत काही दूर नाही. भरूचजवळच्या रतनपूरच्या खाणीतला अकीक मातीच्या मडक्यांत, गोवऱ्यांच्या आचेवर तापवून लाल करायचा आणि खंबायतेत त्याचे मणी पाडायचे, हा धंदा शतकानुशतकांचा. १५१६च्या सुमारास दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज लिहितो, की खंबायतचं कापड आणि मणी सोफाळ्याच्या किनाऱ्यावर जातात आणि बदल्यात सोनं व हस्तिदंत येतं. रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर या हबशी पिराचा दर्गा आहे. अकिकाच्या धंद्याची भरभराट त्यांनीच केली, असं तिथले सिद्दी सांगतात. म्हणजे माणसंही दोन्ही दिशांनी गेली-आली.

तो 'बदल्यात हस्तिदंत' हा शब्द मात्र घशात अडकतो. हस्तिदंत इकडे येई तो कशासाठी? मोठा भाग बांगड्यांसाठी, बायांनो! गुजरात-राजस्थानात नवरीला हस्तिदंती चुडा हवाच. घरात मृत्यू झाला की चुडा फोडायची रीत, म्हणजे पुन्हा नवा; मागणी कधी आटलीच नाही. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून गलबतं भरून हस्तिदंत मुंबईला उतरत असे. आतल्या रानातून किनाऱ्यापर्यंत ते दात माणसांच्या खांद्यावरून येत. त्यात मजुरीवरचे हमाल होते, तसे गुलामही. ज्या घरांत मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपून पाऊल टाकत, त्या घरांतल्या नवऱ्यामुलींच्या हातांतही हा चुडा खुळखुळे. त्या बायकांना हत्ती कुठे मेला ते दिसत नव्हतं, हे खरं. व्यापाऱ्यांना दिसत होतं.

केनियाने १९७८ मध्ये वन्यप्राण्यांपासून केलेल्या वस्तूंचा व्यापार बंद केला. १९८९ मध्ये नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात राष्ट्राध्यक्ष मोई यांनी बारा टन हस्तिदंत पेटवून दिलं. म्हणून आज मसाई बाजारात हत्ती मिळतो तो लाकडाचा किंवा दगडाचा.

आपल्याकडे आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार १९९१ पासून बंद. आता चुडा प्लॅस्टिकचा येतो, आणि लांबून फरक कळत नाही. आमच्या शेजारच्या गुजराती काकींकडे सासूबाईंचा खरा चुडा आहे, पिवळा पडलेला, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, मलमलीत गुंडाळलेला. विकायचा तर कायदा आड येतो, टाकायचा तर जीव होत नाही. परवा त्यांच्या सुनेने विचारलं, "बा, आनुं शुं करवानुं?" काकींनी डबा पुन्हा कपाटात ठेवला.