शिशाची सेना

दिवाळीच्या सुट्टीत बेळगावातील कोणत्याही गल्लीतून फेरी मारली, तर दारोदारी मातीचे किल्ले उभे राहिलेले दिसतात. दगड-विटांचा डोंगर, त्यावर चिखलात भिजवलेली पोती, त्यावर हळिवाची कोवळी हिरवळ, आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित छत्रपती. या किल्ल्यांत एक विसंगती असते, आणि ती आपल्यापैकी कोणालाच बालपणी जाणवलेली नसते. ज्या मावळ्याने महाद्वारातून आत जावयाचे तो महाद्वाराहून उंच असतो. तोफ बुरुजाहून रुंद असते. आणि महाराजांची मूर्ती तर अख्ख्या बालेकिल्ल्यास पुरून उरते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील किल्ले पाहात असताना सातवीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, एक मावळा म्हणजे किती मावळे?" मी त्या वेळी हसून पुढे गेलो. परंतु प्रश्न मनातून जाईना. त्याचा मागोवा घेता घेता युरोपात दोनशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या एका छंदाच्या इतिहासापर्यंत मी येऊन पोहोचलो. धातूचे बोटभर उंचीचे शिपाई जमवावयाचे, रंगवावयाचे, त्यांच्या पलटणी उभ्या करावयाच्या, आणि मेजावर मांडलेल्या रणभूमीवर नियमांनुसार लढाई खेळावयाची, असा हा छंद आहे. तो पोरखेळ म्हणून सोडून द्यावा असे प्रथमदर्शनी वाटते. मलाही तसेच वाटले होते.

या खेळाचे मूळ शोधू गेल्यास आपण बुद्धिबळाच्या पटापाशी, म्हणजे आपल्याच चतुरंगापाशी येतो. हत्ती, घोडा, रथ आणि पदाती ही सेनेची चार अंगे पटावर आणण्याची कल्पना भारताची. मात्र पट सपाट. त्यावर नदी नाही, टेकडी नाही, गाव नाही. ब्रन्सविक येथील योहान ख्रिस्तियन लुडविग हेलविग या गणिताच्या अध्यापकाने १७८० मध्ये ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला. त्याचा पट १,६१७ घरांचा होता आणि घरांच्या निरनिराळ्या रंगांवरून जमिनीचे स्वरूप कळत असे. पुढे १८१२ मध्ये फोन राइसविट्झ नावाच्या प्रशियन मुलकी अधिकाऱ्याने आपल्या राजाला एक मेजच नजर केले. त्यावर डोंगर, नद्या व रस्ते यांचे तुकडे हवे तसे मांडता येत. ते मेज बर्लिनच्या शार्लोटनबुर्ग राजवाड्यात जपून ठेवलेले आहे. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, १८२४ मध्ये मेज बाजूला सारून १:८००० प्रमाणाचा नकाशा घेतला, फासे आणले, पंच नेमला, आणि हा खेळ प्रशियाच्या लष्करी शिक्षणाचे अंग बनला. सेनाप्रमुख फोन म्युफलिंग यांनी तो आधी अनिच्छेने पाहावयास घेतला आणि शेवटी, हा खेळ नसून युद्धाची शाळा आहे, अशा आशयाचे उद्गार काढले, असे सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. राइसविट्झच्या खेळात शिपाई नव्हते. पलटणींच्या जागी रंगीत ठोकळे होते. ज्यांना खरोखर युद्ध करावयाचे होते त्यांना शिपायाच्या चेहऱ्याची गरज वाटली नाही. चेहरा, टोपी, कोटाची बटणे, हातातील बंदूक यांची गरज वाटली ती दुसऱ्याच लोकांना.

हे दुसरे लोक म्हणजे न्यूरेंबर्गचे कारागीर आणि त्यांचे गिऱ्हाईक. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिल्पर्ट घराण्याने तेथे कथलाचे चपटे शिपाई ओतावयास प्रारंभ केला. पाटीच्या दगडाच्या दोन फळ्यांवर आकृती उलटी कोरावयाची, फळ्या घट्ट आवळावयाच्या आणि वितळलेले कथील आत सोडावयाचे. बाहेर येई तो पत्र्यासारखा पातळ, पण घोड्याच्या आयाळीपर्यंत रेखीव असा शिपाई. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या हाइनरिक्सन यांच्या कारखान्याने त्यांची उंची ठरावीक ठेवली, आणि त्यामुळे आज घेतलेली पलटण पुढील वर्षी घेतलेल्या पलटणीशेजारी शोभू लागली. संग्रहाचा छंद खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो. एक शिपाई हे खेळणे; पण एकाच मापाचे, वेगवेगळ्या पलटणींचे शिपाई जमू लागले की मालकाला प्रश्न पडू लागतात. या पलटणीच्या कोटाची कॉलर पिवळी की लाल? त्या वर्षी त्यांच्याकडे ही बंदूक आली होती काय? अशा प्रश्नांना पुस्तकात उत्तर शोधावे लागते, आणि खेळणारा नकळत इतिहासाच्या दारात येऊन उभा राहतो.

या दारातून जो सर्वांत खोलवर गेला, त्याची हकीकत मला या सर्व इतिहासात अधिक मोलाची वाटते. विल्यम सायबोर्न हा इंग्रजी सैन्यातील एक लेफ्टनंट. १८३० मध्ये त्याच्यावर वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. तो युद्धभूमीवर जाऊन ला हे सँट या शेतवाडीत आठ महिने राहिला व तेथील प्रत्येक चढउतार त्याने मोजला. जमीन मोजता आली. पण १८ जून १८१५ च्या सायंकाळी सात वाजण्याच्या सुमारास कोणती पलटण नेमकी कोठे उभी होती, हे जमीन सांगेना. तेव्हा त्याने एक साधा, पण त्या काळी कोणास न सुचलेला मार्ग धरला. लढाईत भाग घेतलेल्या हयात अधिकाऱ्यांना त्याने पत्रे धाडली: आपण त्या क्षणी कोठे होता, समोर शत्रू कोण होता, पिके किती उंच होती. शेकडो उत्तरे आली. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनाही त्याने विचारले. पुढे १८३३ मध्ये सरकारने पैसा देण्याचे थांबविले. त्याने कर्ज काढून काम रेटले. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ही प्रतिकृती लोकांपुढे आली. सुमारे चारशे चौरस फुटांची भूमी आणि तीवर सत्तर हजारांहून अधिक चिमुकले धातूचे शिपाई. एक शिपाई म्हणजे दोन माणसे, असे त्याचे प्रमाण होते.

आमच्या मावळ्याची अडचण सायबोर्नलाही चुकली नव्हती. एका मैलास नऊ फूट या हिशेबाने त्याची जमीन सुमारे सहाशे पटींनी लहान होती. त्या प्रमाणात माणूस केला असता तर तो तीन मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम मोहरीएवढा झाला असता. म्हणून त्याने तो सुमारे दहा मिलिमीटरचा केला. शिपाई दिसावा यासाठी त्याला भूमीहून मोठे व्हावे लागते, हा नियम बेळगावच्या गल्लीत आणि लंडनच्या दालनात सारखाच लागू पडतो.

परंतु खरा वाद उंचीचा नव्हता, संख्येचा होता. सायबोर्नने गोळा केलेल्या पुराव्यावरून प्रशियन सैन्य त्या घटकेस रणभूमीवर बरेच पुढे आलेले होते. तसे ते त्याने मांडले. ड्यूक ऑफ वेलिंग्टनला हे रुचले नाही. विजयाचे श्रेय वाटले जाते असे त्यातून दिसत होते. शेवटी प्रतिकृतीवरून प्रशियन शिपाई मोठ्या प्रमाणात काढून टाकण्यात आले. हे कितपत ड्यूकच्या दडपणामुळे झाले आणि कितपत सायबोर्नच्या स्वतःच्या फेरविचारामुळे, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. ग्रंथातील परिच्छेद बदलला तर जुन्या आवृत्तीशी ताडून पाहता येतो. मेजावरून उचललेला शिपाई मात्र मागे साधी खूणही ठेवत नाही. सुदैवाने सायबोर्नची पत्रे टिकली. त्यांच्या आधारे त्याने १८४४ मध्ये त्या मोहिमेचा इतिहास लिहिला आणि त्याच्या मुलाने १८९१ मध्ये त्यांतील निवडक पत्रे छापली. वॉटर्लूवर लिहिणाऱ्या कोणालाही आज ती टाळता येत नाहीत. प्रतिकृती लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयात आहे. सायबोर्नला मात्र तिच्यापासून फायदा झाला नाही. सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली, तरी तो कर्जातच राहिला.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन कंपनीने पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली: साच्यात शिसे ओतावयाचे, बाहेरचा थर थिजताच उरलेले परत ओतून घ्यावयाचे. धातू वाचला, किंमत उतरली आणि शिपाई मध्यमवर्गाच्या घरात आला. अशाच शिपायांनी एच. जी. वेल्स आपल्या मित्रांसह जमिनीवर बसून लढाया खेळे. त्याच्या तोफांतून लाकडी गोळे सुटत आणि शिपाई खरोखरच आडवे होत. १९१३ मध्ये त्याने या खेळाचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात दिले. उपशीर्षकात मुलींचा उल्लेख त्याने जरा उपकाराच्याच सुरात केला आहे, त्याकडे दुर्लक्ष करू. पुस्तकाच्या शेवटी मात्र तो गंभीर होतो: हा लहान खेळ दोन-चार वेळा खेळून पाहिल्यास मोठे युद्ध किती धांदरट व अविचारी असले पाहिजे ते कळेल, असे त्याचे प्रतिपादन आहे. पुढच्याच वर्षी मोठे युद्ध सुरू झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जॅक स्क्रबी आणि इंग्लंडात डोनाल्ड फेदरस्टोन यांनी या छंदाला नियतकालिके व पुस्तके दिली. फेदरस्टोनचे 'वॉर गेम्स' १९६२ चे. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीचे प्लॅस्टिकचे शिपाई स्वस्तात मिळू लागले. आज बहुतेक शिपाई कथील व अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे किंवा प्लॅस्टिकचे, साधारण २८ मिलिमीटर उंचीचे असतात. ते अखंड येत नाहीत. धड, हात, डोके, बंदूक असे तुकडे एका चौकटीला चिकटलेले येतात. ते कापून, साच्याची रेघ कानशीने घासून, गोंदाने जोडून, अस्तराचा रंग देऊन मग बारीक कुंचल्याने रंगवावे लागतात. एका पलटणीस कित्येक आठवडे सहज जातात. घरी संगणकाच्या आज्ञेवरून शिपाई छापणारी यंत्रेही आता आली आहेत; त्यांनी संग्रहाचा धीर कमी केला असावा, असा माझा संशय आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. या खेळाच्या अनेक नियमावल्यांत एक शिपाई म्हणजे वीस माणसे असे धरतात. त्या हिशेबाने एखाद्याने आपल्याकडील असईची लढाई मेजावर मांडावयाचे ठरविले, तर काय काय जमवावे लागेल? २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे व भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. हाच पुढे वॉटर्लूचा वेलिंग्टन झाला. शिंद्यांचे कवायती पायदळ दहा हजारांहून अधिक. म्हणजे पाचशेंवर शिपाई. पण त्यांना मावळ्याचा अंगरखा आणि ढाल-तलवार चालणार नाही. ते बंदूक-संगीनधारी, कंपूत शिकवलेले, पोलमान नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हुकमतीखालील लोक होते. त्यांत बेगम समरूच्या पलटणी वेगळ्या. इंग्रजांच्या बाजूस हायलंडर दोनच पलटणी. उरलेले पायदळ मद्रासचे, म्हणजे लाल कोटातील आपलीच माणसे. त्यांच्या मदतीस म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार होते. म्हणजे मराठी घोडेस्वार मेजाच्या दोन्ही कडांना ठेवावे लागतील. पाठ्यपुस्तकात 'इंग्रज विरुद्ध मराठे' या तीन शब्दांत जे मावते, ते शिपाई रंगवावयास बसलेल्याच्या हातून तसे मावत नाही. कोणता कोट कोणाच्या अंगावर, हे ठरविल्यावाचून त्याला कुंचला उचलताच येत नाही.

आणि तोफखाना? शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा त्या दिवशी इंग्रजांच्या हाती गेल्या. गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि शत्रू पुढे जाताच उठून त्यांनी मागून पुन्हा तोफा डागल्या. वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. परंतु या गोलंदाजांना सायबोर्न भेटला नाही. तुम्ही त्या घटकेस कोठे होता, समोर कोण होते, जोंधळा किती उंच होता, असे त्यांना कोणी पत्र लिहून विचारले नाही. वॉटर्लूच्या मेजावर प्रशियन आधी मांडले आणि मग उचलले गेले. आमचे गोलंदाज मेजावर मांडावयाचे म्हटले तर शत्रूच्या कागदांवरूनच मांडावे लागतात.

हे सर्व मी वर्गात सांगितले. त्या दिवाळीत आठ-दहा मुलांनी शाळेच्या आवारात किल्ल्याऐवजी असईचे मैदान केले. नद्यांसाठी निळा कागद, गावासाठी खोकी. बाजारात कवायती शिपाई मिळेनात. मावळे, वासुदेव, गवळणी आणि वाघ मात्र हवे तितके. शेवटी मावळ्यांच्याच अंगरख्यांवर त्यांनी रंग चढविला आणि काड्यांच्या बंदुका चिकटविल्या. एक मावळा म्हणजे दोनशे माणसे असे प्रमाण त्यांनी आपसांत ठरविले, कारण वर्गणी तेवढीच जमली होती. पडलेला गोलंदाज कुंभाराकडे नव्हताच. म्हणून तोफांपाशी त्यांनी उभे मावळे आडवे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले, तेव्हा त्यांतील चार-पाच जण पुन्हा उभे करून ठेवलेले होते. कोणी केले ते मी विचारले नाही.