नार्सिसस : कांद्याच्या भाऊबंदापासून रणगाड्याच्या दुर्बिणीपर्यंत

नगर, राहुरी आणि पारनेर या तीन तालुक्यांच्या हद्दीत लष्कराचे सरावाचे एक विस्तीर्ण मैदान आहे. खारे कर्जुने या गावावरून त्याला के. के. रेंज असे नाव पडले. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण बोलण्यात अजून नगरच येते. रेंजवर रणगाडे धूळ उडवत असतात आणि या तालुक्यांत शेतकरी कांदा लावत असतात. कांदा आणि रणगाडा या दोहोंचा नार्सिसस या एकाच ग्रीक नावाशी संबंध पोचतो, असे म्हटले तर वर्गातली मुले हसतील. पण तो पोचतो.

आधी कांदा. नार्सिसस म्हणजे आपल्याकडचा नर्गिस. थंड प्रदेशातले हे कंदवर्गीय फूल काश्मीरमध्ये दिसते, आणि फारसी-उर्दू काव्यात त्याला डोळ्याची उपमा देतात. त्याचे कुल अमॅरिलिडेसी. जुन्या क्रमिक पुस्तकांतून शिकलेल्या शिक्षकांना आठवत असेल की निशिगंध याच कुलात होता आणि कांदा-लसूण लिलिएसीमध्ये. आता उलटापालट झाली आहे. डीएनएच्या पुराव्यावरून निशिगंध या कुलातून बाहेर गेला, आणि २००९ च्या वर्गीकरणात कांदा-लसूण आत आले. म्हणजे राहुरीच्या कृषी विद्यापीठात ज्या पिकाच्या नव्या जाती तयार होतात, ते पीक नर्गिसचे भाऊबंद ठरले. मात्र भाऊबंदकीवर विसंबून चव पाहू नये. नर्गिसच्या कंदात लायकोरीन नावाचे विषारी अल्कलॉइड असते, आणि कांदा समजून तो कंद खाल्ल्यामुळे उलट्या झाल्याची उदाहरणे परदेशात वारंवार घडली आहेत. त्याच वंशातल्या डॅफोडिलमधून गॅलँटामीन हे औषधही मिळते. अल्झायमरच्या रुग्णांसाठी अमेरिकेत त्याला २००१ साली मान्यता मिळाली.

या फुलाला नार्सिसस हे नाव का पडले? सगळ्यांना ठाऊक असलेले उत्तर म्हणजे ग्रीक कथा. पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहून त्याच्यावरच भाळलेला तरुण तिथेच झुरून मेला आणि त्या जागी फूल उगवले. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी हे मानत नाही. त्याच्या मते नाव आले ते ‘नार्के’ म्हणजे बधिरता या ग्रीक शब्दावरून. शब्दाच्या खऱ्या मुळाविषयी भाषातज्ज्ञांचे एकमत नाही, पण कंदातले विष पाहता प्लिनीचे म्हणणे अगदीच हवेतले वाटत नाही. गंमत अशी की फुलाच्या बाबतीत संशयास्पद असलेली ही कथा विसाव्या शतकात एका यंत्राच्या दोषाला मात्र तंतोतंत लागू पडली. ते यंत्र म्हणजे उष्णतेने पाहणारी दुर्बीण. तिचा इतिहास जरा सावकाश पाहू.

१८०० साली विल्यम हर्शेल सूर्य पाहण्यासाठी रंगीत काचा वापरत होता. काही काचांतून उजेड कमी पण उष्णता जास्त येते, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने लोलकातून वर्णपट पाडला, काळ्या केलेल्या फुग्याची तापमापी एकेका रंगात ठेवली, आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, पारा सर्वांत जास्त चढलेला पाहिला. पुस्तकांत हा प्रयोग इथेच संपतो. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. हर्शेलने वर्णपटाच्या बाहेर, बाजूला, आणखी तापमापी ठेवल्या होत्या. खोलीची उष्णता, टेबलाची उष्णता, निरीक्षकाच्या अंगाची उष्णता या सर्वांचा परिणाम तापमापीवर होतच असतो. बाजूच्या तापमापीशी तुलना केल्याशिवाय वाढ नेमकी किरणांमुळे झाली असे म्हणताच येत नाही. अवरक्त किरणांच्या अभ्यासातली ही मूळ अडचण पुढे कधीच सुटली नाही. प्रकाशाच्या प्रयोगात खोली अंधारी करता येते. उष्णतेच्या प्रयोगात ‘अंधार’ करायचा कसा? भिंती, भिंगे, नळ्या, हात, सगळेच तळपत असते.

मेलोनी या इटालियन शास्त्रज्ञाने १८३० नंतरच्या दशकात दाखवले की साधी काच हे किरण अडवते, पण सैंधवाचा स्फटिक ते जाऊ देतो. पुढे भिंगांसाठी जर्मेनियम उपयोगी पडले. मेंडेलीव्हने १८७१ साली ज्याचे भाकीत केले आणि विंक्लरला १८८६ साली जे सापडले, तेच हे मूलद्रव्य. त्याचा तुकडा डोळ्याला धातूसारखा अपारदर्शक दिसतो, पण सुमारे २ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या किरणांना तो जणू खिडकी असतो. संवेदकांच्या बाबतीत मोठे पाऊल पडले १९५९ साली. इंग्लंडमधील मॉल्व्हर्न येथील प्रयोगशाळेत लॉसन आणि सहकाऱ्यांनी पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांच्या संयुगाची माहिती प्रसिद्ध केली. सुमारे ३०० केल्विन तापमानाची वस्तू १० मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त किरण फेकते, आणि हे संयुग नेमके तिथे संवेदनशील करता येते. अट एकच. संवेदक द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे सुमारे ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सिअस) थंड ठेवायचा.

सैन्याला याची निकड का होती? डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या चौकीवर पाकिस्तानी रणगाडे रात्री आले. जैसलमेरच्या हंटर विमानांत रात्री पाहण्याची साधने नव्हती, म्हणून त्यांना उजाडेपर्यंत थांबावे लागले. तोवर चौकीतल्या जवानांना एकट्यानेच तग धरावा लागला. रणगाड्यांची स्थितीही फार वेगळी नव्हती. टी-५५ किंवा सुरुवातीच्या टी-७२ वर अवरक्त झोत टाकणारा मोठा दिवा असे, आणि परावर्तित झोत गनर खास दर्शकातून पाही. समोरच्याकडे तसाच दर्शक असला तर दिवा लावणारा आधी दिसणार, हे उघड आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही रणगाडा दलाची संस्था १९४८ पासून नगरला आहे आणि तिथले रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी कोणत्या रणगाड्यावर असा दिवा आहे आणि कोणत्यावर नाही, हे मुलांना शोधायला लावावे. औष्णिक दुर्बिणीला दिवाच लागत नाही. ती इंजिनाची आणि माणसाच्या अंगाची उष्णताच पाहते. भारताने २००१ साली ज्यांचा करार केला त्या टी-९० रणगाड्यांत गनरसाठी असा औष्णिक दर्शक आला.

आता दोष कुठे येतो ते पाहू. भिंगाच्या पृष्ठावरून थोडा प्रकाश नेहमीच परत फिरतो. किती, ते अपवर्तनांकावर ठरते. अपवर्तनांक न असेल तर (न – १) भागिले (न + १), आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. काचेसाठी न १.५, म्हणून परावर्तन ४ टक्के. जर्मेनियमसाठी न ४, म्हणून तीन पंचमांशाचा वर्ग, म्हणजे ३६ टक्के! संवेदक भिंगाकडे पाहतो तेव्हा त्याला भिंगापलीकडचे दृश्य दिसते, आणि त्याच वेळी त्या पृष्ठात आरशासारखे आतलेही काही दिसते. चित्राच्या कडेला त्याला नळीची कोमट भिंत दिसते. मध्यभागी मात्र किरण पृष्ठावर लंब पडून आल्या वाटेने परततो, आणि संवेदकाला दिसतो तो स्वतः, ७७ केल्विनचा. चौथ्या घाताचा नियम लावला तर ३०० केल्विनच्या भिंतीपेक्षा तो सुमारे २३० पट कमी किरण फेकतो. म्हणून चित्राच्या नेमक्या मध्यावर काळसर थंड डाग उमटतो. तळ्यात वाकून पाहणाऱ्या त्या तरुणाचे नाव अभियंत्यांना आठवले यात नवल नाही.

डाग किती मोठा? पृष्ठावर लेप देऊन परावर्तन १ टक्क्यावर आणले असे धरू आणि सगळे परावर्तन संवेदकावर परत आले असे मानू. १० मायक्रॉनच्या आसपास तापमान १ अंशाने वाढले की किरण साधारण १.६ टक्क्यांनी वाढतात. म्हणजे १ टक्क्याची उणीव सुमारे ०.६ अंशाच्या फरकासारखी दिसेल. चांगली औष्णिक दुर्बीण ०.१ अंशाचा फरकही दाखवते. तेव्हा लेप दिल्यावरही डाग शिल्लक राहतो, आणि तोही जिथे गनर नेम धरतो तिथेच.

हा दोष चित्रात दिसतो तो थंडपणामुळे नव्हे, थंडपणातल्या फरकामुळे. संवेदकाचे प्रतिबिंब सगळ्या चित्रभर सारखे पसरले असते, तर त्याचा पत्ताही लागला नसता. जुन्या दुर्बिणींत मोजके संवेदक असत आणि हलता आरसा त्यांची नजर दृश्यावरून ओळीओळीने फिरवी. आरशाचा कोन बदलला की प्रतिबिंब सरके, आणि फरक उघडा पडे. १९८२ साली हॉवर्ड आणि एबल यांनी ‘अप्लाइड ऑप्टिक्स’ या नियतकालिकात या दोषाचे सविस्तर गणित मांडले. भिंगांची मांडणी करतानाच कोणते पृष्ठ किती धोक्याचे, हे त्यातून काढता येते. किरण लंब पडत असेल ते पृष्ठ धोक्याचे, आणि किरण ज्या बिंदूत एकवटतात तिथे असलेले पृष्ठही धोक्याचे. मग भिंगाची वक्रता थोडी बदलायची, म्हणजे परतणारे किरण संवेदकावर न एकवटता विखुरतात. सपाट खिडकी असेल तर ती तिरपी बसवायची. प्रतिबिंब नाहीसे होत नाही, ते इतके पसरते की संवेदकाच्या स्वतःच्या खरखरीखाली बुडून जाते. राहिलेला डाग गणकयंत्राने वजा करतात. पण उन्हाने नळी तापली किंवा भिंग पुढेमागे सरकवले की ती वजाबाकी चुकते आणि पुन्हा करावी लागते.

आता थंड न करता चालणारे संवेदकही आहेत. २०२० साली करोनाच्या काळात विमानतळांवर प्रवाशांचा ताप पाहणारे कॅमेरे बहुधा याच जातीचे होते. त्यांचा संवेदक नळीइतकाच कोमट असल्याने प्रतिबिंबाचा डाग अगदी फिका असतो. तिथे अडचण वेगळी आहे. कॅमेरा चालू राहिला की त्याची नळी आणि भिंग स्वतःच तापतात आणि ती उष्णता चित्रात मिसळते. असा कॅमेरा हाताशी आला तर कान देऊन ऐकावे. दर थोड्या वेळाने ‘टक्’ असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर थिजते. आत एक झडप बंद झालेली असते. कॅमेरा तेवढा वेळ सर्वत्र सारख्या तापमानाच्या त्या पत्र्याकडे पाहतो, त्याला जे असमान दिसेल ते स्वतःचे म्हणून वजा करतो, आणि पुन्हा बाहेर पाहू लागतो.