प्रमाणश्रुती

प्रमाणश्रुती : षड्‌ज-पंचमभावाने लावीत गेल्यास मिळणारा गांधार आणि तंबोऱ्याच्या खरजातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार यांमधील सूक्ष्म स्वरांतर. प्रमाण ८१ : ८०, सप्तकाचे १२०० सेंट पाडणाऱ्या एलिस यांच्या मापनात सुमारे २१.५ सेंट.

षड्‌जाची आंदोलने सेकंदास २४० धरली, तर त्याचा पंचम ३६०, त्या पंचमाचा पंचम सप्तकभर खाली आणता ऋषभ २७०, ऋषभाचा पंचम म्हणजे धैवत ४०५, आणि धैवताचा पंचम पुन्हा खाली उतरविला म्हणजे गांधार ३०३.७५ असा येतो. स्वयंभू गांधार मात्र नेमका ३०० वर बोलतो, आणि हे दोन गांधार एकदम छेडले असता सेकंदास पावणेचार विस्पंद उठून जो डोल कानास स्पष्ट जाणवतो, त्याहून या अंतराचा निराळा पुरावा नको.

भरताने नाट्यशास्त्रात, दोन समान वीणांपैकी एकीचा पंचम मध्यमग्रामासाठी उतरविण्यास सांगून, त्या उतरणीस हे नाव दिले. मात्र त्याने सप्तकात मानलेल्या बावीस श्रुती समान की विषम, आणि म्हणून त्याची प्रमाणश्रुती नेमकी ८१ : ८० होती काय, याविषयी विद्वानांत मतैक्य नाही.

महाराष्ट्रात ८१ : ८० या प्रमाणाचा हिरिरीने पुरस्कार केला तो निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साक्ष घेऊन व तारेच्या लांबीवरून स्वर मोजून, मुलकी दफ्तरातील हिशेबास शोभेल अशा काटेकोरपणे त्यांनी बावीस श्रुतींची प्रमाणे बसविली आणि १९१० साली ती इंग्रजी ग्रंथाने प्रसिद्ध केली. सनदी नोकरीतील न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी हाच पक्ष उचलून लंडनमध्ये या श्रुतींची बाजाची पेटी, म्हणजे श्रुतिपेटी, तयार करविली. बडोद्याच्या १९१६ च्या संगीत परिषदेत या मांडणीवर वाद झाला व भातखंडे यांनी ती स्वीकारली नाही. तथापि स्वरांची प्रत्यक्ष मोजदाद करण्याचा जो आग्रह देवलांनी धरला, त्याचे मोल त्या वादाने उणावत नाही.

युरोपात हेच अंतर वाद्यकारांस शतकानुशतके छळीत आले. सोळाव्या शतकापासून रूढ झालेल्या एका पद्धतीत प्रत्येक पंचम पाव प्रमाणश्रुतीने, म्हणजे सुमारे ५.४ सेंटांनी, उतरवीत. त्यामुळे गांधार शुद्ध मिळे, परंतु अकरा पंचम असे लावल्यावर उरलेला बारावा सुमारे ३६ सेंटांनी चढून इतका कर्कश होई की त्यास ‘लांडगा’ म्हणत. पुढे समविभाजित सप्तकाने तो उणेपणा बाराही पंचमांत सारखा वाटून टाकला; पंचम जेमतेम दोन सेंट उतरला, पण गांधार ३०२.४ वर, म्हणजे जवळजवळ १४ सेंट चढा राहिला, आणि आपल्याकडील साध्या बाजाच्या पेटीत तोच आला.