वसई-विरार : खिशातली उपकरणे आणि संगणकाचे जोडसामान

वैतरणा आणि वसईची खाडी या दोन पाण्यांच्या मधल्या सलग शहरपट्ट्यात मोबाइल, लॅपटॉप व घरच्या संगणकाच्या जोडीने लागणाऱ्या वस्तूंची ही नोंद आहे : पॉवर बँक, चार्जर, डेटा केबल, इअरफोन, राउटरचा यूपीएस आणि या सगळ्याची दुरुस्ती. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२,२२,३९० होती. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हा हा भाग पालघर जिल्ह्यात आला.

मलबार हिलला आणि नालासोपाऱ्याच्या तुळींज रोडला फोन एकाच कंपनीचा असू शकतो. त्याच्या जोडीला काय घ्यावे लागते, ते मात्र राहत्या जागेवर ठरते. इथे ते दोन गोष्टींनी ठरवले : लोकलचा लांब पल्ला आणि विजेचा बेभरवसा. जाहिराती कॅमेऱ्याच्या आणि पातळपणाच्या असतात. इथल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न 'चार्जिंग किती टिकतं?' असा असतो, आणि तो रास्त आहे.

विजेवरची लोकल १९३६ साली विरारपर्यंत आली. विरार ते चर्चगेट अंतर सुमारे ६० किलोमीटर. जलद गाडीलाही सव्वा तासाहून जास्त लागतो, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे तीन तास तरी डब्यात गेले. या वेळात फोन हे वर्तमानपत्र असते, सिनेमा असतो आणि २०१५ मध्ये मुंबईत कागदाविना उपनगरी तिकीट सुरू झाल्यापासून तिकीटही असते. बॅटरी संपली म्हणून तिकीट दाखवता आले नाही, तर प्रवासी विनातिकीट धरला जातो. पॉवर बँक ही इथे चैनीची वस्तू का नाही, ते यावरून कळावे.

पॉवर बँकच्या खोक्यावरचा मोठा आकडा मात्र नीट समजून घ्यायला हवा. १०,००० एमएएच हे माप आतल्या लिथियम सेलचे, म्हणजे ३.७ व्होल्टवरचे असते. त्यातली ऊर्जा ३७ वॅट-तास. बाहेर देताना आतले सर्किट ते ५ व्होल्टपर्यंत चढवते, त्यात काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि हाती साधारण ६,००० ते ६,५०० एमएएच येतात. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' म्हणून हाच आकडा छापलेला असतो. ५,००० एमएएचचा फोन त्यावर दोनदा भरेल हा हिशोब चुकीचा. दीड वेळा भरला तरी माल चांगला म्हणायचा. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात चालते, चेक-इनच्या बॅगेत कोणतीच चालत नाही. विरार लोकलला असा नियम नाही, पण गर्दीचा स्वतःचा नियम आहे : एक मीटरची केबल चौथ्या सीटवरच्या माणसाच्या कोपरात अडकते आणि ओढ बसते ती फोनच्या जॅकला. म्हणून वीतभर लांबीची केबल घ्यावी. पाठीला चुंबकाने चिकटणारी, केबल न लागणारी पॉवर बँक हा अलीकडच्या नव्या सामानातला इथे खरोखर उपयोगी पडणारा प्रकार आहे. मात्र बिनतारी चार्जिंगमध्ये ऊर्जा जास्त वाया जाते आणि फोन तापतो.

कानातल्या सामानात नेकबँडने इथे आपली जागा राखली, त्यालाही कारण गर्दीच. सुटे बड्स दिसायला नेटके, पण दादरला चढताना धक्का लागला आणि एक बड फलाट व पायरीच्या फटीत गेला, तर उरलेला एकटा काय कामाचा? नेकबँड निदान गळ्यात राहतो. महाग बड्समध्ये 'नॉइज कॅन्सलेशन' असते. त्यातला मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलट लहर कानात सोडून तो आवाज मारतो. ही युक्ती गाडीच्या मोटरीची घरघर, पंख्याचा घूं असा खालच्या पट्टीतला एकसुरी आवाज छान दाबते. अचानक उठणाऱ्या चढ्या आवाजावर तिचा तितका जोर चालत नाही. तेव्हा डब्यात भजनी मंडळ असेल तर टाळ ऐकू येणारच. त्यापेक्षा अभंगच ऐकावा.

दारात उभे राहून फोन वापरणाऱ्याच्या हातावर रुळालगतच्या खांबावरून काठी मारून फोन पाडणाऱ्या टोळ्यांना मुंबईत 'फटका गँग' म्हणतात. त्यामुळे मनगटात अडकवायची दोरी आणि पाठीमागची रिंग ही स्टेशनबाहेर विकली जाणारी फुटकळ वस्तू नव्हे. फोन गेलाच तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'सीईआयआर' नोंदवहीत त्याचा आयएमईआय क्रमांक टाकून तो कोणत्याही सिमवर चालेनासा करता येतो. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. आधी पोलिसांत तक्रार करावी लागते. इथे ती मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाच्या ठाण्यात, आणि गाडीत चोरी झाली असेल तर रेल्वे पोलिसांकडे. आयएमईआय क्रमांक *#०६# दाबल्यावर दिसतो. तो फोन हातात असतानाच वहीत लिहून ठेवायचा.

आता वीज. खाडीच्या पुलापलीकडे भाईंदरपासून मुंबईकडे खासगी कंपन्यांची आणि बेस्टची वीज. पुलाच्या अलीकडे महावितरण. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मुंबईत दिवे चालू आणि वसईत अंधार, हे एकाच लोकलने रोज दोन्हीकडे वावरणाऱ्यांनी पाहिले. घरोघरी इन्व्हर्टर आला तो तेव्हा. भारनियमन सरले, तरी पावसाळ्यात वीज जाणे काही सरले नाही. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत पट्ट्यात पाणी साचले, गाड्या थांबल्या आणि अनेक भागांत वीजही बंद राहिली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. १५ जून २०२० ला लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. बाकीच्यांचे कार्यालय वन-रूम-किचनमध्ये आले आणि मुलांची शाळा त्याच टेबलावर. हेडसेट, वेबकॅम, जास्तीचा कीबोर्ड या वस्तू तोवर कार्यालयाच्या होत्या; त्या घराच्या झाल्या.

त्या काळाने दिलेले सर्वांत शहाणे उपकरण म्हणजे राउटरचा छोटा यूपीएस. आकार तळहाताएवढा, आत लिथियम सेल, किंमत बेताची. बहुतेक वायफाय राउटर १२ व्होल्टच्या डीसीवर चालतात. ही पेटी ॲडाप्टर आणि राउटर यांच्यामध्ये जोडायची. वीज गेली तरी राउटर क्षणभरही बंद होत नाही आणि दोन-चार तास निघतात. घेताना राउटरच्या ॲडाप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनची जाडी पाहून घ्यायची. घरात इन्व्हर्टर असूनही वीज जाताच डेस्कटॉप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, ही इथली नेहमीची तक्रार. कारण साधे आहे. संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे त्याच्या आतली वीज पुरवणारी पेटी, विजेवाचून सेकंदाचा जेमतेम साठावा भाग तग धरतो, आणि साध्या मोडमधल्या इन्व्हर्टरला विजेवरून बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस मोड'चे बटण असते. ते दाबले की ही अदलाबदल लवकर होते. ते बटण दाबून न पाहताच ६०० व्हीएचा नवा यूपीएस विकत घेणारी घरे थोडी नाहीत.

विजेचीच दुसरी गोष्ट. जुन्या चाळींत आणि अनधिकृत इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्याच्या मागे अर्थिंगची तार नसते. धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला असताना त्यावर मनगट टेकले की झिणझिण्या येतात. चार्जरमधल्या गाळणी-सर्किटातून निसटणारा हा किंचित प्रवाह अर्थिंग असले तर जमिनीत जातो. नसले तर माणसातून वाट काढतो. सहसा तो इजा करण्याइतका नसतो. तरीही तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा कनेक्टर लावून वर 'लॅपटॉप खराब आहे' म्हणत दुकानात जाणे व्यर्थ, वायरमनला बोलवावे.

खरेदीची वाट दुहेरी आहे. फुटकळ सामान स्टेशनच्या दोन्ही बाजूंना मिळते. रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, सर्किटचे सुटे भाग घ्यायचे तर आजही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठतात. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. रस्त्याला पुढे डॉ. दादासाहेब भडकमकरांचे नाव दिले, पण बाजाराने जुनेच चालवले. वसईच्या विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या (स्थापना १९९४) प्रोजेक्टवाल्या मुलांनाही याच रस्त्याची माहिती असते. ऑनलाइन खरेदीने त्या रस्त्यावरची गर्दी खाल्ली, हे खरे. मात्र बोर्ड हातात घेऊन बघण्याची आणि दुकानदाराशी हुज्जत घालण्याची सोय ऑनलाइन मिळत नाही.

काउंटरवर मालाच्या तीन जाती बोलण्यात येतात : 'कंपनीचा', 'फर्स्ट कॉपी' आणि 'लोकल'. केबलची पिढीही तोंडी सांगतात : नोकियाची बारीक पिन, मग 'व्ही-एट' म्हणजे मायक्रो-यूएसबी, आता सी-टाइप. या सगळ्यामागचा यूएसबी १९९६ मध्ये बाजारात आला; तो घडवणाऱ्या इंटेलमधल्या गटाचे एक प्रमुख अजय भट्ट मूळचे वडोदऱ्याचे, म्हणजे विरारवरून जाणाऱ्या याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवरचे. सी-टाइपचा तपशील २०१४ मध्ये ठरला. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना ते सक्तीचे केले. भारतीय मानक ब्युरोने त्याचे मानक त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले होते. तोंड एक झाले, पोट मात्र वेगवेगळे राहिले. एकसारख्या दिसणाऱ्या दोन सी-टाइप केबलींत एक नुसती चार्जिंगची, दुसरी डेटाचीही असू शकते. ६० वॅटच्या वर न्यायचे तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. ती नसेल तर १०० वॅटचा चार्जरही ६० वॅटच्या पुढे जात नाही. लॅपटॉप हळू चार्ज होतो तेव्हा दोष बहुधा केबलचा असतो.

दुरुस्तीत वसई-विरारचा हात चांगला. जुलैत फोन भिजून येतात. कारागीर आधी बॅटरीची पट्टी सोडवतो, बोर्ड बाहेर काढून भिंगाच्या दिव्याखाली धरतो. कनेक्टरच्या कडेला हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड दिसली की समजायचे, गंज सुरू झाला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो खरवडतात, हॉट एअरने सुकवतात, तुटलेल्या रेघेवर केसाएवढ्या तारेचा जंपर मारतात. भिजलेला फोन तांदळात पुरण्याचा उपाय घराघरांत ठाऊक आहे आणि तो निरुपयोगी आहे : तांदूळ बोर्डावरचे क्षार ओढत नाहीत, दोन दिवस मात्र घालवतात. अर्नाळा, पाचूबंदर अशा कोळीवाड्यांत खाऱ्या पाण्याने हा गंज तासांत चढतो. फोन बंद करून लगेच दुकान गाठणे एवढेच हाती असते. नाहीतर 'फोल्डर', म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले, बदलण्याचा खर्च येतो आणि तो कधी कधी जुन्या फोनच्या किमतीशी जाऊन भिडतो.

मच्छीमारांच्या उपकरणांची वेगळी नोंद व्हावी, इथे एवढेच : खोल समुद्रातून उपग्रहाद्वारे दोन्ही बाजूंनी संदेश देणाऱ्या इस्रो-विकसित ट्रान्सपाँडरची देशभरची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्याच कार्यक्रमात सुरू झाली.

वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली भागात औद्योगिक वसाहतींचे गाळे दाटीने आहेत. प्लॅस्टिक मोल्डिंग, तारा, पॅकिंग अशी कामे तिथे चालतात. पण दुकानातल्या चार्जरच्या आतली चिप आणि सेल बहुतेक आयातच. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने लॅपटॉप व टॅबलेटच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले, लगेच ते पुढे ढकलले आणि पुढे देखरेखीच्या पद्धतीवर समाधान मानले. गाळ्यांच्या कामाला त्याने फारसा फरक पडला नाही.

लिथियमच्या धोक्याची किंमत या शहराने मोजली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. पॉवर बँक तिच्यापेक्षा कितीतरी लहान, पण रसायन त्याच कुळातले. फुगलेली पॉवर बँक टोचून 'गॅस काढणे', उशीखाली फोन चार्ज करणे, रात्रभर बिननावाच्या चार्जरवर विसंबणे या तिन्ही सवयी सोडाव्यात. फुगलेला सेल ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. तो कचरागाडीत दाबला गेला की पेटू शकतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत १०६ प्रकारची उपकरणे आहेत, आणि ती निकालात काढण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. बॅटरीसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत.

ॲडाप्टर, यूपीएस, मोबाइल आणि पॉवर बँक यांना मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागू करणारी अधिसूचना नोव्हेंबर २०१४ मध्ये निघाली. अशा वस्तूवर 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक छापलेला असतो. पैसे देण्याआधी तो फोनवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून पाहा : उत्पादकाचे नाव, पत्ता आणि वस्तू जुळली पाहिजे. जुळली नाही तर माल परत ठेवा, आणि दुकानदार बिल द्यायला का-कू करू लागला तरी परत ठेवा. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार घेतात.