जुनी भाषा, नवी कथा

जे. आर. आर. टोल्किन विद्यार्थिदशेत ‘ख्रिस्त’ हे प्राचीन इंग्रजी काव्य वाचीत असता ‘एआरेन्डेल’ हा शब्द त्यांच्या मनात ठसला. त्यातून १९१४ साली तारकानाविकाची कविता जन्मली. पुढे अवघे अद्भुतकथाविश्व विस्तारले. ‘मध्यभूमी’ हे त्याचे नावही मध्ययुगीन इंग्रजीतलेच.

मराठीतही जुन्या वाणीने नवी कथा पेलली. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली ओवी स्वीकारली.

पांढुर्णा-सौंसर भागात कारभार हिंदीत चालतो, पण घराघरांत मराठी नांदते. तेथील धर्मशिक्षकांनी ओवी कालबाह्य म्हणून टाकली, तर शुभवर्तमान घरच्या वाणीत सांगण्याचे सामर्थ्यच आपण गमावू, असे आम्हांस वाटते.