हिरावलेली झोप आणि न येणारी झोप

मलकापुरास हमरस्त्याकाठी राहणाऱ्यांना रात्रभर चालणाऱ्या ट्रकांची सवय आहे. गाळपाच्या हंगामात रातपाळी करून परतणाऱ्या कामगारास झोपेविषयी विचारावे, तर तोही हसून म्हणतो, 'सवय झाली.' ह्या सवयीचा इतिहास थोडा पाहू.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, असे त्यात होते. सुट्टी १८९० साली मिळाली. सूर्यास्ताचे मात्र काही खरे राहिले नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला! सातारा जिल्ह्यातून गेलेली आपली माणसे चाळीतल्या एकाच खोलीत पाळीपाळीने पाठ टेकीत. १९११ च्या कायद्याने पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. नऊ तासांवर यायला १९४६ साल उजाडले. तासांचा लढा म्हणतात तो मुळात झोपेचाच होता, असे आमचे मत आहे.

जाग्रणाने बुद्धीचे काय होते, याचा पहिला प्रयोग १८९६ साली अमेरिकेत आयोवा येथे झाला. तिघांना ९० तास जागे ठेवले. स्मरण आणि लक्ष ढासळले, एकाला तर नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. पण आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. चौदा दिवस रोज सहा तास वा त्याहून कमी झोप मिळालेल्यांचे लक्ष एक-दोन रात्री सलग जागलेल्यांइतके मंदावले. त्यांना स्वतःला मात्र आपण किंचितच पेंगुळलो आहोत असे वाटे.

निद्रानाशाच्या रोग्याचे काहीसे उलटे. अंथरूण आहे, वेळ आहे, पण डोळ्याला डोळा लागत नाही. अशांच्या चाचण्यांत स्मरण आणि अवघड प्रश्न सोडविण्याची शक्ती थोडी कमी आढळते. पण त्यांची तक्रार चाचणीत दिसते त्याहून मोठी असते. त्यांचे दुःख खोटे नव्हे. मेंदू रात्रीही सावधच राहतो, त्याचा हा शीण.

आम्ही हे एकदा महाग किंमत देऊन शिकलो. एका वाटाघाटीच्या तिसऱ्या रात्री, पहाटे तीनला, करार पुढे आला. वर्षानुवर्षे निद्रानाश भोगणारा आमचा एक सहकारी म्हणाला, 'माझे डोके चालत नाही, सकाळी वाचू.' आम्ही तर अगदी ताजेतवाने होतो! सही केली. फरकाची रक्कम कोणत्या तारखेपासून द्यायची, ती तारीखच कलमात नव्हती. ती मिळवायला पुढे अकरा महिने लागले.